भाषा शिकवता? मग ऑनलाइन पदवीला पैसे भरण्याआधी हे चार प्रश्न सोडवा



बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर... कुठेही जा, स्पोकन इंग्लिशच्या क्लासची पाटी दिसतेच. हे क्लास चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक प्रश्न असतो, "भाषाशास्त्राची किंवा भाषा-अध्यापनाची ऑनलाइन पदवी घेतली तर फायदा होईल का?"

पदवी म्हणजे गुंतवणूकच. दुकानात माल भरण्याआधी आपण गिऱ्हाईक कोण, खर्च किती आणि पैसे कधी सुटणार, हे बघतो. इथेही तेच बघायचं.

प्रश्न १ : पदवी कुणाला दाखवायची आहे?

हे आधी ठरवा, कारण उत्तराप्रमाणे अभ्यासक्रम बदलतो.

शाळेत शिक्षक व्हायचंय? मग भाषाशास्त्राच्या एम.ए.वर काम भागणार नाही. तिथे डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटी यांचा विचार करावा लागतो. "घरबसल्या पूर्ण ऑनलाइन बी.एड." अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा. बी.एड.ला एनसीटीईची मान्यता लागते आणि पूर्ण ऑनलाइन बी.एड.ला परवानगी नाही. मुक्त विद्यापीठांतून बी.एड. होतं, पण ते मुख्यतः सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असतं. त्यातही कार्यशाळा आणि सरावपाठ चुकत नाहीत.

कॉलेजात प्राध्यापक व्हायचंय? मग त्या विषयाची पदव्युत्तर पदवी, ठरलेले गुण आणि नेट किंवा सेट ही वाट आहे. पुढे पीएच.डी. करायची असेल तर ती ऑनलाइन होत नाही, हेही आत्ताच लक्षात ठेवा.

स्वतःचा क्लास वाढवायचाय? मग पालक तुमची पदवी बघतील एकदा, पण पोरगं बोलायला लागलं का हे बघतील दर महिन्याला.

प्रश्न २ : तुम्हाला भाषाशास्त्र हवंय की भाषा-अध्यापन?

नावं जवळची आहेत, पण काम वेगळं. एक उदाहरण घेऊ. आपण म्हणतो, "मला दोन भाऊ आहेत", "माझ्याकडे गाडी आहे", "मला ताप आहे". इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद चालतं, 'हॅव'. मराठीत त्याला एकच असा जोडीदार नाही. आपण 'असणे' वापरतो आणि 'मला', 'माझ्याकडे' अशी रूपं बदलतो. म्हणून आपली मुलं 'हॅव'पाशी अडखळतात.

मुलं का अडखळतात, हे भाषाशास्त्र सांगतं. वीस मुलांच्या बॅचकडून पाऊण तासात तेच वाक्य बिनचूक कसं बोलून घ्यायचं, हे भाषा-अध्यापन शिकवतं. क्लासवाल्याला दुसरं आधी लागतं. पहिलं आलं की शिकवण्याला धार येते.

म्हणून माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रमाचं नाव वाचून थांबू नका, विषयांची यादी वाचा. प्रत्यक्ष शिकवून दाखवायचे पाठ आहेत का? ते कुणी बघून सुधारणा सांगतं का? केंब्रिजच्या 'सेल्टा' या प्रमाणपत्रात किमान ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि त्याचं मूल्यमापन होतं. ज्या अभ्यासक्रमात फक्त व्हिडिओ आणि एमसीक्यू आहेत, त्यातून शिकवण्याचा हात बसत नाही.

प्रश्न ३ : मान्यता आहे का?

ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे नियम यूजीसीने २०२० मध्ये आणले. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. पण नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून चालत नाही. तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी, यूजीसीच्या डीईबी पोर्टलवरच्या यादीत हवा. ही यादी स्वतः उघडून बघा, एजंटच्या मोबाइलवरचा फोटो बघू नका.

२०२४-२५ पासून प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो. त्याच्याआधी एबीसी आयडी काढावा लागतो. दोन्ही विद्यार्थ्याने स्वतः काढायचे असतात. "सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त पैसे भरा" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून पदव्या विकणाऱ्या एडटेक कंपन्यांबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

प्रश्न ४ : पैसा आणि वेळ परत कधी येणार?

समजा, फी आणि परीक्षेचा जाण्यायेण्याचा खर्च मिळून ७०,००० रुपये झाले. पदवीच्या जोरावर तुम्ही २० मुलांकडून महिन्याला १०० रुपये जास्त घेऊ शकलात, तर महिन्याला २,००० रुपये वाढले. वर्षात १० महिने क्लास चालला तर २०,००० रुपये. म्हणजे पैसे सुटायला साडेतीन वर्षं. चालेल का, हे तुम्ही ठरवा.

आता वेळ. १ क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. ८० क्रेडिटचा एम.ए. म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांत पूर्ण करायचा तर रोज सव्वातीन तास, सुट्टी न घेता. संध्याकाळच्या बॅच सांभाळून हे जमेल का?

मग करायचं काय?

मोठी उडी मारण्याआधी छोटी मारा. 'स्वयम' पोर्टलवर भाषाशास्त्राचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. एक सत्र करून बघा. गोडी लागली तर इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठाचे दूरशिक्षणातले इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रम बघा. यंदा प्रवेश सुरू आहेत का, हे त्यांच्याच संकेतस्थळावर तपासा. निव्वळ भाषाशास्त्रात खोल जायचं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आपल्यापासून फार लांब नाही, पण तिथे जाऊन शिकावं लागतं.

आणि एक संधी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. बारामती एमआयडीसीत, बँकांत परप्रांतातून आलेली माणसं आहेत. त्यांना कामापुरती मराठी हवी असते. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' ही पुस्तकं तयार केली, ती परकीय भाषा शिकवायच्या पद्धतीने. म्हणजे अध्यापनाची पद्धत आली की इंग्रजीबरोबर मराठीचीही बॅच उभी राहू शकते.

आजचा गृहपाठ : एका कागदावर तीन ओळी लिहा. पदवी कुणाला दाखवणार? रोज किती तास देणार? पैसे किती महिन्यांत सुटणार? तिन्ही ओळी भरल्या की मगच प्रवेश अर्ज उघडा. एखादी ओळ कोरी राहिली, तर पैसे बँकेतच बरे आहेत.