घरचा सीएनसी राउटर : आधी चौकट, मग नक्षी

प्रश्न : शहाद्यात घरच्या वर्कशॉपसाठी सीएनसी राउटरचे किट आणून स्वतः जोडायचे आहे. सागवानावर नक्षी कोरता येईल का?

उत्तर : येईल. सुरुवातीला ३०१८ किट पुरे. कामाची जागा ३०० बाय १८० मिलिमीटर. मात्र स्पिंडल लहान असतो, म्हणून सागवानात एका फेरीत अर्धा मिलिमीटरच उतरा. खरा वेळ चौकटीला द्या : दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच स्क्रू आवळा. वाकडी चौकट सॉफ्टवेअरने सरळ होत नाही. मध्येच वीज गेली तर मशीनला आपली जागा कळत नाही, तेव्हा यूपीएस हवाच. बारीक भुसा फुप्फुसांना घातक. मास्क, चष्मा वापरा, हातमोजे मात्र नकोत. जमल्यास खरेदीपूर्वी पाबळच्या विज्ञान आश्रमातली, २००२ साली सुरू झालेली फॅब लॅब पाहून या.