ॲनिमल हाउसमध्ये पाऊल टाकण्याआधी

पोरी, बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये तुझं बस्तान बसलं. आता ॲनिमल मॉडेलवरचा, म्हणजे माणसाचे रोग प्राण्यांमध्ये तपासण्याचा, तुझा पदव्युत्तर अभ्यास सुरू होईल. मी उमेदीची वर्षं याच कामात घालवली, म्हणून आत्या या नात्याने चार गोष्टी सांगते. सगळ्यांचं सार एकच: भेदरलेला प्राणी खरं उत्तर देत नाही. त्याची निगा राखणं हा प्रयोगाचाच भाग आहे.

आधी रोग नीट समजून घे, मग प्राणी निवड. लॅबमध्ये उंदीर आहेत म्हणून उंदीर, असं करू नकोस. कुष्ठरोगाचंच बघ: त्याचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही आणि त्याला थंडावा मानवतो. म्हणून १९६० मध्ये शेपर्ड या संशोधकाने तो उंदराच्या तळपायात वाढवला, कारण तिथे बाकी अंगापेक्षा गार असतं. १९७१ मध्ये तो आर्माडिलोतही वाढला, त्या प्राण्याच्या शरीराचं तापमानच कमी. आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबईत उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर केलेलं कामही जरूर वाच. तुझा प्राणी रोगाचा कुठला भाग दाखवतो आणि कुठला दाखवत नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेव.

परवानगी हातात आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम तोंडपाठ हवेत. संस्थेची आयएईसी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी नीती समिती, विचारते: प्राणी किती, इतकेच का, वेदना होऊ नयेत म्हणून काय करणार? अर्ज भरण्याआधी संख्याशास्त्राच्या माणसाकडे जा, नंतर नको. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच तीन सूत्रं सांगून ठेवलीत: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा.

उंदीर शेपटीला धरून उचलू नकोस. पिंजऱ्यात एक पारदर्शक नळी ठेव, तो आपणहून आत शिरला की नळीसकट उचल, नाहीतर ओंजळीत घे. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की असं उचललेल्या उंदरांची भीती पुष्कळ कमी होते. प्रयोगाआधीचे काही दिवस नुसती हाताची सवय होऊ दे.

वेळ पाळ. उंदीर निशाचर, त्याच्या शरीरातली संप्रेरकं घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. आज आठला डोस आणि उद्या अकराला, असं झालं तर आकड्यांतला फरक औषधाचा की वेळेचा, हे कळणारच नाही. सिल्क बोर्ड चौकातली वाहनांची गर्दी कुणाला सोडत नाही, तेव्हा ती उसळायच्या आत घर सोड.

अंगाला वास नको. अत्तर नको, गजरा नको, पीजीतल्या मांजरीला कुरवाळताना घातलेले कपडे तर मुळीच नकोत. पुरुषाच्या घामाच्या वासानेसुद्धा उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदना दबते, असं २०१४ मध्ये दिसून आलं. म्हणून त्या दिवशी प्राणी कुणी हाताळले, याचीही नोंद ठेव.

गट हाताने पाडू नकोस. पिंजऱ्यात हात घातला की सुस्त उंदीर आधी सापडतो, चपळ शेवटी. पहिले पाच एका गटात टाकलेस तर औषध द्यायच्या आधीच दोन गट वेगळे झाले. आकडे यदृच्छेने काढ आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नकोस.

वेदना ओळखायला शीक. डोळे बारीक, कान मागे, केस विस्कटलेले, घरटं अर्धवट सोडलेलं, ही लक्षणं दिसली की वजन कर आणि पशुवैद्यांना बोलाव. कुठे थांबायचं ते प्रयोगाआधीच ठरव. वजन वीस टक्के उतरलं की थांबायचं, अशी मर्यादा बरेच जण धरतात.

पिंजरे साफ करणाऱ्या काकांशी बोलत जा. 'ऊट आयता?' म्हणजे जेवलात का, एवढं कन्नड तरी लगेच शीक. कुठल्या पिंजऱ्यातला उंदीर कालपासून गप्प आहे, हे त्यांना तुझ्याआधी कळतं.

स्वतःलाही जप. उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनाची ॲलर्जी जडते, तेव्हा मास्क सोडू नकोस, ॲनिमल हाउसमधले कपडे खोलीवर आणू नकोस. प्राणी मारावा लागतो त्या दिवशी मन जड होतं. ते दाबून ठेवू नकोस, कुणाशी तरी बोल. माझं घर आहेच.

आणि निकाल हवा तसा आला नाही, तरी तो लिही. किती प्राणी वापरले, किती दगावले, काय दिसलं नाही, सगळं प्रबंधात येऊ दे. तू ते दडवलंस तर उद्या दुसरी एखादी मुलगी तोच प्रयोग पुन्हा करेल आणि तितकेच जीव पुन्हा जातील.