रियाज आणि परीक्षा

(माध्यमिक शाळेत शिकणारी अनेक मुले-मुली गायन-वादनाच्या परीक्षा देतात. या परीक्षा कशा सुरू झाल्या आणि गायनाच्या परीक्षेची तयारी कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

रियाज, साज, उस्ताद, बंदिश, तालीम हे शब्द तुम्ही घरी उर्दूत ऐकता. मराठी माणूसही संगीताविषयी बोलताना हेच शब्द वापरतो. उर्दूतील 'महफिल' मराठीत 'मैफल' झाली. त्यामुळे संगीताची भाषा तुम्हांला परकी वाटणार नाही.

पूर्वी संगीताच्या अशा परीक्षा नव्हत्या. शिष्य गुरूच्या किंवा उस्तादांच्या घरी राहून अनेक वर्षे शिकत असे. सामान्य घरातील मुलांना ही विद्या सहजासहजी मिळत नसे. ती सर्वांना मिळावी म्हणून पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी फार कष्ट घेतले. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी फटाक्यामुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. नजर अधू झाल्यामुळे शाळेचा अभ्यास करणे अवघड झाले. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ते गाणे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे 'गांधर्व महाविद्यालय' सुरू केले. तेथे शाळेसारखे वर्ग, अभ्यासक्रम आणि पुस्तके होती. १९३१ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या मंडळाच्या परीक्षा आजही हजारो विद्यार्थी देतात. ज्या मुलाला पुस्तक वाचणे कठीण झाले होते, त्यानेच संगीताची पुस्तके सर्वांच्या हाती दिली!

आता तयारीकडे वळू. तयारीची सुरुवात गाण्यापासून नव्हे, तर ऐकण्यापासून होते. तानपुऱ्याचा सूर कानात भरेपर्यंत ऐकावा आणि मग त्यात आपला 'सा' मिळवावा. घरी तानपुरा नसला तरी अडत नाही. आता मोबाइलवरही तानपुऱ्याचा सूर लावता येतो. खरा तानपुरा पाहायचा असेल, तर मिरजेला जावे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तेथे वाद्ये बनवू लागले. भोपळ्यापासून तयार होणारे तेथील तानपुरे आणि सतारी प्रसिद्ध आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

रियाज थोडा असला तरी रोज हवा. दहा मिनिटे 'सा' लावावा, दहा मिनिटे अलंकार म्हणावेत आणि दहा मिनिटे बंदिश गावी. रोजची ही तीस मिनिटे परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या पाच तासांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. इतिहासाच्या सनावळ्या एका रात्रीत पाठ होतील. सूर मात्र एका रात्रीत गळ्यात बसत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो. काल सहज लागणारा वरचा 'सा' आज लागत नाही. वर्गात हसू होते. काही मुले लाजेने गाणेच सोडून देतात. तसे करू नये. यात आपला काही दोष नसतो. आवाज पुढे हळूहळू स्थिर होतो. तोपर्यंत ओरडून गाऊ नये. शिक्षकांना सांगून खालची पट्टी घ्यावी आणि गळ्याला ताण न देता गावे. गळा थकला, तर त्या दिवशी हाताने ताल धरावा. तोही रियाजच आहे.

तालासाठी फक्त दोन हात पुरेत. त्रितालाच्या मात्रा १६ असतात. चार-चार मात्रांचे चार विभाग पडतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी येते. नवव्या मात्रेवर टाळी न देता हात बाजूला नेतात. तिला 'खाली' म्हणतात. पहिली मात्रा म्हणजे 'सम'. या तालातील पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून सुरू होतात. मात्रा मोजता आल्या नाहीत, तर सम चुकते. म्हणून ठेका आधी सावकाश म्हणावा. नंतर दुगुन करावी, म्हणजे एका मात्रेत दोन बोल म्हणावेत.

रागाची माहिती नुसती घोकू नये. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर असतात. मध्यम आणि निषाद त्यात नसतात. पण देशकार रागातही हेच पाच स्वर आहेत! मग फरक कशात? भूपात गंधार हा मुख्य स्वर, म्हणजे वादी आहे. देशकारात धैवत वादी आहे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, तर देशकार सकाळी. पाठ केलेले पाच स्वर दोन्ही रागांत सारखेच राहतात. त्यांतला फरक ओळखतो, तो कान.

स्वरलिपी वाचण्याचाही सराव करावा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. खालच्या सप्तकातील स्वराखाली आणि वरच्या सप्तकातील स्वरावर टिंब असते.

परीक्षेच्या दिवशी वेळेआधी पोहोचावे. आपली पट्टी साथीदाराला स्पष्ट सांगावी. परीक्षक मध्येच थांबवून प्रश्न विचारतील. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. विद्यार्थ्याने नुसते पाठ केले आहे की समजून घेतले आहे, हे त्यांना पाहायचे असते. चूक झाली, तर थांबून रडू नये. ताल ऐकावा, पुढची सम गाठावी आणि गाणे चालू ठेवावे.

परीक्षा संपते, प्रमाणपत्र मिळते. पण रियाजाने तयार झालेला कान जन्मभर आपल्याबरोबर राहतो.

शब्दार्थ
अधू – कमजोर
अलंकार – स्वरांचा क्रमाने केलेला सराव
पट्टी – गाण्यासाठी निवडलेला 'सा' ची उंची
आवाज फुटणे – वाढत्या वयात आवाज बदलणे
घोकणे – अर्थ न समजता पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणे
साथीदार – गायकाबरोबर वाद्य वाजवणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गांधर्व महाविद्यालय कोठे व कधी सुरू झाले?
(आ) त्रितालात 'खाली' कितव्या मात्रेवर येते?
२. भूप आणि देशकार या रागांतील फरक लिहा.
३. आवाज फुटण्याच्या काळात कोणती काळजी घ्यावी?
४. वाक्यात उपयोग करा : कष्ट घेणे, ताल धरणे.
५. उपक्रम : उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे संगीतविषयक दहा शब्द मिळवा.