उताऱ्यातील शब्दाचा अर्थ कसा ओळखावा?

वर्गमित्रांनो, यंदा आपल्यापैकी बरीच मुले शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहेत. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिल्या पेपरात प्रथम भाषा व गणित मिळून ७५ प्रश्न असतात आणि वेळ फक्त दीड तास. भाषेत उतारा असतो व त्याखाली 'या शब्दाचा अर्थ कोणता?' असे प्रश्न येतात. मला वाटायचे, यात काय कठीण? शब्दार्थ पाठ केले की झाले! पण दिवाळीच्या सुट्टीत माझी चांगलीच फजिती झाली.

माझे मामा मीरा रोडला पूनम सागर या वसाहतीत राहतात. आपल्या पालघर जिल्ह्यातून गाडी निघाली की वसईची खाडी ओलांडल्यावर भाईंदर येते, मग मीरा रोड. भाईंदरच्या बाजूला मिठागरे आहेत. मामाने त्यावरच एक उतारा लिहून माझ्यापुढे ठेवला:

"पौर्णिमेला खाडीला मोठी भरती आली. मजुरांनी ते पाणी बांधाच्या आत घेतले. पुढे उन्हाने पाणी आटत गेले आणि पांढरेशुभ्र पीक तयार झाले. पण अवकाळी पाऊस पडला, सारे विरघळले आणि मालकाच्या पदराला खार लागली."

पहिला प्रश्न, 'पीक' म्हणजे काय? (१) धान्य (२) मीठ (३) भाजी (४) मासे. मी लगेच 'धान्य' लिहिले. आपल्या गावात पीक म्हणजे भात, दुसरे काय असणार? मामा म्हणाला, "अरे, खाडीच्या पाण्यात भात पिकवलास होय? मागचं वाक्य वाच." तेव्हा कळले की मीठसुद्धा 'पिकवतात'.

दुसरा प्रश्न, 'खार लागली' म्हणजे? (१) खारूताई दिसली (२) मीठ लागले (३) नुकसान झाले (४) तहान लागली. आता मी हुशारी केली. उतारा मिठाचा आहे, तर 'मीठ लागले' लिहिले. तेही चूक! मामी स्वयंपाकघरातून हसली, "पावसानं मीठ विरघळलं ना रे, मग मालकाला मीठ कुठून लागणार?" उत्तर होते 'नुकसान झाले'.

मामाने मग एक युक्ती शिकवली. आधी पर्याय हाताने झाकायचे. वाक्यातला तो शब्द काढून तिथे रिकामी जागा आहे असे समजायचे. मागचे व पुढचे वाक्य वाचून तिथे आपल्या मनाचा शब्द घालायचा. मग हात काढून त्याच्या जवळचा पर्याय शोधायचा, आणि तो वाक्यात घालून एकदा वाचायचा. माझी चूक अशी की मी आधी पर्याय वाचत होतो. ओळखीचा अर्थ दिसला की पेन तिकडेच पळे. आणि पेपर काढणारे तो अर्थ मुद्दाम ठेवतात बरं का!

वेळ पुरेल का, असे तुम्ही विचाराल. ७५ प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एकाला सव्वा मिनिटाहून थोडे कमी. सारा उतारा पुन्हा वाचायला तेवढा वेळ नाही, पण दोन वाक्ये आरामात होतात.

कधी कधी लिंगावरूनही अर्थ कळतो. 'तो माळ' म्हटले की गुरे चरतात तो, आणि 'ती माळ' म्हटले की गळ्यातली. 'भरती'ला मात्र ही खूण चालत नाही. खाडीची भरती आणि पोलिसांतली भरती, दोन्ही 'ती'च. तिथे शेजारचे शब्दच पाहावे लागतात.

आता हा प्रश्न तुमच्यासाठी. पालकांनी आधी सांगू नये!

'संध्याकाळी आजोबा आगरात शिंपण करायला गेले.' येथे 'आगर' म्हणजे? (१) मीठ पिकवण्याची जागा (२) नारळ-पोफळीची बाग (३) साठा (४) घर.

उत्तराबरोबर वाक्यातल्या कोणत्या शब्दावरून ते ओळखले, तेही लिहून माझ्याकडे द्या.