वाफ्याभोवती लाकडी बैठक

प्रश्न : कोकणातल्या अंगणात जांभ्याचा उंच वाफा बांधला आहे. त्याच्या कडेने लाकडी बैठक केली तर पावसाळ्यात टिकेल का?

उत्तर : बैठक टिकते ती लाकूड कोरडे होऊ शकले तर. भिजण्याने लाकूड लगेच कुजत नाही. ओल अडकून राहिली की बुरशी आणि वाळवी लागते. म्हणून फळी ओल्या मातीला किंवा थेट चिऱ्याला टेकवू नये. जांभा सच्छिद्र असतो, वाफ्यातले पाणी शोषून धरतो. वाफ्याच्या भिंतीवर, फळीखाली रबराच्या जाड चकत्या ठेवाव्यात, म्हणजे मधून हवा खेळते. वाफ्याच्या तळाशी पाणी निघायला भोके हवीतच.

लाकूड सागवानाचे, तेही गाभ्याचे घ्यावे. कडेचा फिकट भाग स्वस्त मिळतो, पण वाळवी आधी तोच खाते. उंची 45 सें.मी., खोली 40 सें.मी. पुरते. दोन फळ्यांत 5-6 मि.मी. फट आणि वरच्या पृष्ठभागाला किंचित बाहेरचा उतार द्यावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंड खाऱ्या हवेत गंजून लाकूड काळे पाडते. भिंतीपुढे आलेल्या भागाला स्वतंत्र पाय द्यावेत, तेही दगडावर टेकवून. दरवर्षी पावसाआधी, लाकूड पूर्ण सुकलेले असताना, जवसाचे उकळलेले तेल पातळ थरात चोळावे. तेलाच्या चिंध्या मात्र उघड्यावर पसरून वाळवाव्यात; बोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात.