घरची बोली, शाळेचे दार

जळगावजवळ असोदा नावाचे गाव आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 साली तेथे झाला. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. परंतु शेतात काम करताना आणि जात्यावर दळताना त्यांच्या मुखातून घरच्या लेवा गणबोलीत ओव्या सहज उमटत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी त्या वेळोवेळी लिहून ठेवल्या. 1951 साली बहिणाबाई निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आईच्या ओठावरचे धन मुलाच्या लेखणीने राखले. घरात ज्ञान होते. त्याला अक्षराची जोड मिळाली.

परंतु खानदेशातील सर्वच मुलांच्या हाती लेखणी टिकत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, तर कोणी गुजरातेत बारडोलीकडे. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ असेच म्हणतात. आईबाप पहाटे फडात जातात. थोरली मुलगी खोपीत राहून धाकट्या भावंडांना सांभाळते. तिच्या घरी अहिराणी किंवा भिली, शाळेत मराठी आणि फडाच्या आसपास गुजराती! ती गावी परतते, तेव्हा चैत्र सरत आलेला असतो आणि वर्गातील अभ्यास पुष्कळ पुढे गेलेला असतो. मग तिला वाटते, ‘आता मला काय समजणार?’ अशा वेळी कित्येक मुलांची शाळा कायमची सुटते.

या अडचणीवर उपाय शोधण्यात आले. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा उघडण्यात आल्या. काही गावांत हंगामी वसतिगृहे निघाली. तेथे मुले आजीआजोबांपाशी राहतात आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात घ्यावे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण द्यावे, असे त्यात सांगितले आहे.

असा प्रश्न केवळ आपल्याकडेच आहे, असे नव्हे. अमेरिकेत फळे व भाजीपाला तोडण्यासाठी अनेक मजूर कुटुंबे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जातात. त्यांतील पुष्कळ कुटुंबे मूळची मेक्सिकोकडील असून घरी स्पॅनिश भाषा बोलतात. त्यांच्या मुलांसाठी तेथील सरकारने 1966 साली एक योजना सुरू केली. तिच्यातून ठिकठिकाणी उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग चालतात. या योजनेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलांना काय हवे, याविषयी पालकांचाही सल्ला घेतला जातो. आईबाप निरक्षर असले, तरी आपल्या लेकराची अडचण त्यांना जितकी ठाऊक असते, तितकी दुसऱ्या कोणास असणार?

मागे पडलेल्या मुलाला पुस्तक हवे, तसाच धीरही हवा. ‘तुझी बोली अशुद्ध आहे,’ असे म्हणून कोणी हसले, तर ते मूल मुके होते. उलट, तिच्याच शब्दांचा हात धरून त्याला पुस्तकातील शब्दांपर्यंत नेले, तर ते भराभर शिकू लागते. ज्या बोलीत बहिणाबाईंनी गाणी रचली, तीही एका शेतकरी घराची बोलीच होती. आज जळगावच्या विद्यापीठाला त्याच निरक्षर कवयित्रीचे नाव दिलेले आहे.

मुलांनो, उन्हाळ्यात तुमच्या गावीही फडावरून परतलेला एखादा सोबती असेल. सुटीतील रोजचा एक तास त्याला द्या. तुम्ही त्याला वाचन शिकवा आणि त्याच्याकडून नवी गाणी, नवे शब्द शिकून घ्या. जूनमध्ये शाळेची घंटा होईल, तेव्हा तो तुमच्याबरोबर वर्गात बसलेला असो.

अभ्यास
1. बहिणाबाईंची गाणी कशी टिकून राहिली?
2. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा का सुटते?
3. आजीकडून घरच्या बोलीतील दहा शब्द मिळवा व त्यांचे अर्थ लिहा.