हिरवळीतील तण : ओळख आणि बंदोबस्त

तंजावरच्या मराठी राज्यामुळे कुंभकोणम हे नाव मराठी वाचकांस परके नाही. कावेरी व अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेल्या या गावाभोवतालची जमीन गाळाची, ओल धरणारी आणि पिढ्यान्पिढ्या भाताखाली राहिलेली आहे. अशा ठिकाणी घरापुढे, शाळेच्या आवारात वा उपासनामंदिराच्या अंगणात हिरवळ लावली, की तिच्याबरोबर तणही उगवते. भरावाची माती शेतातून आणली तर तिच्यासोबत तणांचे कंद व बी येतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आणखी बी येते.

वाचकहो, आपण नागपुरात असा वा कुंभकोणमला, ही अडचण सारखीच आहे. फरक आहे तो हंगामाचा. महाराष्ट्रात जूनच्या पावसाबरोबर तण माजते. कुंभकोणमला ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ मुख्य असतो. त्यामुळे निंदणीचा खरा काळही तेथे तोच होय.

निदणाचा दाखला आपणांस ठाऊकच आहे. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून धनी चाकरांना कापणीपर्यंत थांबावयास सांगतो. न ओळखता उपटू नये, हा त्यातील शेतकऱ्याचा अनुभव हिरवळीलाही लागू आहे. मात्र हिरवळीत थांबून चालत नाही. तेथे कापणीचा दिवस येत नाही, आणि तण बी टाकून मोकळे होते. म्हणून प्रथम ओळख आणि मग विलंब न लावता कृती, असा क्रम ठेवावा. ओळखताना केवळ पानाकडे न पाहता मुळाकडे पाहावे. उपाय मुळावरून ठरतो.

१. लव्हाळा. तामिळमध्ये यास ‘कोरै’ म्हणतात. पाने गवतासारखी दिसली तरी हे गवत नव्हे. फुलाचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. तो तीन कडांचा लागतो. जमिनीखाली कंदांची साखळी असते. वरची पाती ओढली, की ती तुटून हातात येतात आणि कंद पुन्हा फुटतात. कुदळीने माती उलथली, तर साखळी तुटून सुटा झालेला प्रत्येक कंद नवे रोप देतो. येथेच पुष्कळांचे श्रम वाया जातात. ओल्या मातीत खुरपे खोल घालून कंदासह रोप काढावे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नवे कोंब काढीत राहावे. पाने टिकू दिली नाहीत, तर कंदातील साठा हळूहळू संपतो. यास एक-दोन हंगाम लागतात. साचणाऱ्या पाण्याचा निचराही करावा.

२. दुधी व लाजाळू. दुधीचे देठ मोडले की पांढरा चीक निघतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. लाजाळूची पाने स्पर्शाने मिटतात, पण खोडावर काटे असतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत. दोहोंचेही मूळ सरळ खोल जाते. आदल्या दिवशी पाणी देऊन मूळ अखंड काढावे.

३. आंबुटी व एकदांडी. आंबुटीस बदामाच्या आकाराची तीन-तीन पाने व पिवळी फुले असतात. पिकलेल्या शेंगा फुटून बी दूर उडते. एकदांडीच्या उंच दांड्यावर एकेकच फूल येते आणि तिचे केसाळ बी वाऱ्यावर जाते. दोन्ही सरपटत जाऊन पेरांशी मुळे धरतात. फळ धरण्यापूर्वी प्रत्येक फांदीचा माग काढून ती उचलावी.

४. गाजर गवत. 1955 मध्ये पुण्यात याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. याच्या स्पर्शाने त्वचेस खाज व पुरळ उठते. परागांमुळे दम्याचा त्रास होतो. मुलांना ते उपटावयास लावू नये. फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून व नाकातोंडास फडके बांधून मुळासकट काढावे. एकेक झाड हजारो बिया देते, म्हणून फुललेली झाडे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

तणनाशकाचा मोह अनेकांस होतो. परंतु ग्लायफोसेट तणाबरोबर हिरवळही मारते. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांवर चालते, पण लव्हाळ्याच्या कंदांचा नाश करीत नाही; शिवाय वाऱ्याने उडून ते शेजारच्या पिकांस बाधते. कुंभकोणमच्या परिसरात विड्याच्या पानांचे मळे आहेत, त्यांचा विचार केलाच पाहिजे. घरच्या हिरवळीस खुरपे आणि नेम हेच उत्तम.

खरा बंदोबस्त मात्र दाट हिरवळीनेच होतो. हरळीस भरपूर ऊन द्यावे. एका वेळी पात्याचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. फार खाली कापल्यास जमीन उघडी पडते आणि तणाच्या बियांना प्रकाश मिळतो. रोज थोडे शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने खोलवर पाणी द्यावे. रिकाम्या जागी लगेच हरळीचे ठोंब लावावेत.

हीच हरळी फुलझाडांच्या वाफ्यात शिरली तर आपण तिला तण म्हणतो. आणि लव्हाळ्याचे कंद वैद्य ‘मोथा’ म्हणून औषधात वापरतात. तेव्हा तण म्हणजे दुष्ट वनस्पती नव्हे, तर नको त्या जागी उगवलेली वनस्पती होय. तिचा राग न धरता आठवड्यातून एक सकाळ खुरपे घेऊन बसावे. वर्षातून एकदा केलेल्या मोठ्या मोहिमेपेक्षा हा लहानसा नेम अधिक काम करतो.